कॉन्सर्टमागे एक पेनी

तीस कॉन्सर्ट झाले, सीझन संपला, हिशेब लागला आणि ज्यांच्याकडे सगळा कारभार होता ते मॅनेजर लोक ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे आले आणि त्याच्या हातावर त्यांनी दहा कोरी करकरीत नाणी ठेवली. प्रत्येक नाणं तीन पेनीचं. म्हणजे एकूण तीस पेनी, तीस कॉन्सर्टचा निव्वळ नफा. कॉन्सर्टमागे एक! ही गोष्ट त्या मालकानेच स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलीय. त्याचं नाव चार्ल्स हॅले, गाव मँचेस्टर, काळ १८५८ च्या आसपासचा, आणि तो ऑर्केस्ट्रा अजून चालू आहे, त्याच्याच नावाने, हॅले.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही काय भानगड असते हे मला तरी फार उशिरा कळलं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मैदानावर स्टेज, किशोरचा आवाज काढणारा एक, आशाचा आवाज काढणारी एक, ऑक्टोपॅडवाला आणि मध्येमध्ये जोक मारणारा निवेदक. मी कामानिमित्त दोन वर्षं मँचेस्टरला होतो तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंकडे एक तिकीट जास्तीचं होतं आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, तर निदान हॉल तरी गरम असेल एवढ्या हिशेबाने गेलो. स्टेजवर ऐंशीएक माणसं. काय वाजवलं ते त्या दिवशी डोक्यावरून गेलं, खोटं कशाला बोला, पण एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच: या सगळ्यांचा पगार कोण देतं? आजोबा परळला गिरणीत त्रासन खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरात कुठलंही मोठं काम बघितलं की पहिला प्रश्न हाच निघतो, आणि ऑर्केस्ट्रा समजून घ्यायला यापेक्षा चांगला प्रश्न मला नंतरही सापडला नाही. वाद्यांची नावं, सिम्फनीचे (म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या लांब रचनेचे) चार भाग, ते सगळं नंतर. आधी पगार.

तर मँचेस्टर. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ते ज्याच्यावरून म्हणतो ते गाव. लिव्हरपूलच्या बंदरात कापूस उतरायचा, बराचसा अमेरिकेतला आणि काही आपल्याकडचाही, तो पन्नासेक किलोमीटरवर मँचेस्टरला आणि आसपासच्या गावांना जायचा, तिथे सूत, तिथेच कापड, आणि ते कापड जगभर, आपल्या विणकरांच्या मुळावर येत आपल्या बाजारातही. मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांनी पहिल्या कापूस गिरणीची कंपनी काढली १८५४ ला, तोपर्यंत मँचेस्टर धुराने काळं पडून झालं होतं. पैसा भरपूर, कला जवळपास शून्य, असा त्या गावाचा लौकिक. इंग्लंडच्या बाकी लोकांना वाटायचं की या गिरणीवाल्यांना रुमालाच्या काठापलीकडे काय कळतंय.

या गावात हॅले आला कसा ते बघा. मूळ नाव कार्ल हाले, जन्म १८१९ चा, जर्मनीतल्या हागेन गावचा. पियानो वाजवायला पॅरिसला गेला, तिथे शोपॅन, लिस्ट, बर्लिओज अशा बड्या संगीतकारांच्यात ऊठबस, सगळं छान चाललेलं, आणि १८४८ ला तिथे क्रांती झाली. क्रांतीत पियानोच्या शिकवण्या कोण घेणार, शिकवणीवाले श्रीमंत लोक आधी पळतात. मग हॅले लंडनला आला आणि तिथून त्याला मँचेस्टरला बोलावणं आलं. नावातल्या शेवटच्या अक्षरावर त्याने एक तिरकी रेघ ठेवली, नाहीतर इंग्रज लोक त्याचा पार हॉल करून टाकणार होते. गावात आधीपासून एक बड्या लोकांचं संगीत मंडळ होतं, सभासदांपुरतं, आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकल्यावर हॅलेला वाटलं होतं की आल्या पावली बॅग भरून परत जावं. नाही गेला.

मग आलं १८५७. आपल्याकडे त्या वर्षी काय चाललं होतं ते सांगायला नको, आणि त्याच मे महिन्यात मँचेस्टरला एक प्रचंड चित्रप्रदर्शन उघडलं, सोळा हजारांच्या आसपास कलावस्तू आणि पाच-सहा महिन्यांत तेरा लाखांवर माणसं बघायला आली. आलेल्या लोकांना रोज ऐकायला काहीतरी पाहिजे म्हणून हॅलेला एक मोठा ऑर्केस्ट्रा उभा करायला सांगितलं, त्याने इंग्लंडमधून आणि युरोपातून वादक गोळा केले. प्रदर्शन ऑक्टोबरात संपलं. आता हे सगळे वादक आपापल्या गावी जाणार, आणि जमलेला ऑर्केस्ट्रा मोडणार. इथे हॅलेने जे केलं ते मला संगीतापेक्षाही मोठं वाटतं: त्याने त्यांना ठेवून घेतलं. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जोखमीवर. ३० जानेवारी १८५८ ला फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिला कॉन्सर्ट, तिकीट काढेल त्याला प्रवेश, स्वस्त जागा पण ठेवलेल्या, सभासद-बिभासद काही नाही. (त्या हॉलचं नाव पण बघा, मुक्त व्यापार! देवाचं नाही, राजाचं नाही, व्यापाराच्या धोरणाचं नाव सभागृहाला. गिरणीवाल्यांचं गाव ते. आणि त्या वेळी याच गावात एंगल्स, मार्क्सचा मित्र, स्वतःच्या वडिलांच्या भागीदारीतल्या सूत कंपनीत ऑफिसात बसून हिशेब लिहीत होता.)

ठेवून घेतलं म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी ऑर्केस्ट्रा म्हणजे त्या संध्याकाळपुरती जमवलेली माणसं. दिवसा शिकवण्या, रात्री नाटकगृहात वाजवणं, एखाद्या दिवशी कॉन्सर्ट. चांगले वाजवणारे असले तरी एकत्र चांगलं वाजत नाही, आणि हे आपल्याला वेगळं सांगायला नको, ढोल पथक आठ दिवसांत जमवलं तर कसं वाजतं आणि दोन महिने सरावाला आलेलं कसं वाजतं हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. तीच माणसं, तेच शेजारी, आठवड्यामागून आठवडे, मग शेजारचा श्वास कधी घेतो हे न बघता कळायला लागतं. आणि माणसाने आठवड्यामागून आठवडे यायचं असेल तर त्याला आठवड्यामागून आठवडे पैसे पाहिजेत. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी हेच केलं होतं, अख्खं बिऱ्हाड पोसलं. १९१३ ला निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचं वैभव आपण कौतुकाने सांगतो, खरे शालू, अत्तर, उत्तम साथीदार, आणि त्याच दमात बालगंधर्वांच्या डोक्यावरचं कर्जही सांगतो. दोन्ही एकाच खात्यातून निघालेलं होतं.

आता ही ऐंशी माणसं लागतात तरी कशाला, एवढं काय असतं त्यात. अर्ध्याहून जास्त असतात तंतुवाद्यं. पहिली व्हायोलिन चौदा-सोळा, दुसरी व्हायोलिन बारा-चौदा (पहिली-दुसरी म्हणजे हुशार आणि ढ असं नाही, त्यांना वेगवेगळ्या ओळी वाजवायच्या असतात), मग व्हायोला दहा-बारा, चेलो आठ-दहा, आणि उंच माणसाएवढे डबल बेस सहा-आठ. त्यांच्या मागे लाकडी फुंकवाद्यं, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, दोन-दोन तीन-तीन. त्यांच्या मागे पितळी, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. सगळ्यात मागे नगाऱ्याच्या नात्यातले टिंपनी आणि बाकीचं तालाचं सामान.

बासरी दोन आणि व्हायोलिन तीस, असं का? मला वाटायचं आवाज मोठा व्हावा म्हणून, ते खरंय पण अर्धंच. एकाच्या जागी दहा व्हायोलिन वाजवली तर आवाज दहापट वाटत नाही, कानाला साधारण दुप्पटच वाटतो, कान तसाच बनलाय. म्हणजे नुसत्या आवाजासाठी नऊ जादा पगार द्यायचे तर सौदा घाट्याचाच. पण दहा जणांचा सूर कधीच तंतोतंत एक नसतो, केसाएवढा इकडेतिकडे असतो, आणि त्या केसाएवढ्या फरकामुळे एका तारेचा टोकदार आवाज जाऊन त्या जागी एक मऊ, पसरलेला, किंचित थरथरता आवाज येतो जो एकट्या व्हायोलिनने कितीही भारी वाजवलं तरी येणार नाही. वारीत शंभर जण ज्ञानोबा-तुकाराम म्हणतात तेव्हा कुणाचाच आवाज ओळखू येत नाही आणि तरी एक आवाज येतो ना, तसं काहीतरी.

आणि हे सगळं लिहिलेलं असतं, सगळ्यात मोठा फरक हा. आपल्याकडे गवई बसतो, तबलजीकडे बघतो, आणि पुढे काय होईल ते त्या दोघांनाही पूर्ण माहीत नसतं. इथे प्रत्येक माणसापुढे त्याची ओळ कागदावर. व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड घेऊन बसतात, पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं, तेवढा वेळ तो वाजवायचा थांबतो. तुम्ही कधी नीट बघितलंत तर सगळे गज एकाच वेळी वर जातात एकाच वेळी खाली येतात, ते शोभेसाठी नसतं, गज वर ओढताना आणि खाली ओढताना सुराचा जोर वेगळा पडतो म्हणून ते आधी ठरवतात. ठरवतो पहिल्या व्हायोलिनमधला पहिला माणूस, त्याला इंग्लंडात लीडर म्हणतात, अमेरिकेत कॉन्सर्टमास्टर. मग लायब्ररीत एखादा माणूस पेन्सिल घेऊन बसतो आणि लीडरच्या खुणा बाकीच्यांच्या प्रतीवर उतरवून काढतो, पानामागून पान. टाळ्यांच्या वेळी या लायब्ररीवाल्याला कुणी उभं करत नाही.

सुरुवातीला ओबो एक सूर धरतो आणि सगळे त्याला लावून घेतात. आमच्या आजोबांच्या चाळीत ज्या कामाला भोंगा होता त्या कामाला इथे ओबो, वाजला की आपापल्या जागेवर.

मग सगळ्यांपुढे उभा राहून छडी हलवणारा कंडक्टर काय करतो? हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि उत्तर असं की कार्यक्रमात जे दिसतं ते त्याच्या कामाचं शेपूट असतं. काम होतं रिहर्सलला. इंग्लंडमधले ऑर्केस्ट्रे फार कमी रिहर्सल करतात, साधारण एक-दोन दिवस, तीन-तीन तासांची सेशन्स, मध्ये चहाची सुटी, आणि बसलं की कॉन्सर्ट. वादक कागद बघून पहिल्याच वेळी जवळजवळ बरोबर वाजवतात. त्यामुळे कंडक्टर सूर शिकवत नाही, तो ठरवतो: इथे चेलो वर पाहिजे, ट्रम्पेट दाबा, या जागेवर घाई नको, आणि ऐंशी जणांच्या ऐंशी मतांतलं एकच मत आज चालेल. वेळ कमी असल्यामुळे जास्त बोलणारा कंडक्टर वादकांना अजिबात आवडत नाही. हे जगात सगळीकडेच आहे म्हणा.

भरती कशी होते हे तर ऐकाच. आधी ऑडिशन, आणि ऑडिशन पास झालात म्हणजे नोकरी लागली असं नाही, तिथून पुढे ट्रायल. महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, मधूनमधून बोलावतात, त्यांच्यात बसून वाजवायचं, ते ऐकतात, शेजारी बसणाऱ्याला विचारतात, त्याच जागेसाठी अजून तीन-चार जण असेच फिरत असतात. आणि कुणी आजारी, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुठल्या सिम्फनीला जादा हॉर्न पाहिजेत, तर बाहेरचे वादक त्या दिवसापुरते. त्यांना तिथे डेप म्हणतात, डेप्युटीचं छोटं रूप. मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणलं अरे, हे तर बदली कामगार! आजोबांनी कायम होण्याआधी किती वर्षं बदलीवर काढली ते आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम. लंडनमध्ये तर एके काळी वादक स्वतःच रिहर्सलला बदली पाठवायचे, तिकडे जास्त पैशाचं काम मिळालं की इकडे दुसऱ्यालाच बसवून मोकळे, म्हणजे कंडक्टर रिहर्सल घेणार एकाची आणि कार्यक्रमात समोर दुसराच. १९०४ मध्ये हेन्री वुड या कंडक्टरच्या ऑर्केस्ट्राने हे बंद केलं तर चाळीसेक वादक उठून गेले आणि त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला, तो आजचा लंडन सिम्फनी. संपातून निघालेली कंपनीच ती एक प्रकारे.

आता पगाराकडे येऊ. तिकिटं खपली की झालं ना? नाही होत. हॉल भरला तरी होत नाही, आणि याचं कारण १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं, ते मँचेस्टरमध्ये बसून जास्तच पटतं. गिरणी घ्या. आधी एक बाई एका चरख्यावर एक धागा काढायची, मग यंत्र आलं आणि एक माणूस शेकडो चात्या बघायला लागला. एका माणसामागे माल वाढला म्हणून त्याचा पगार वाढवूनही कापड स्वस्त झालं. आता बेथोवनची पाचवी सिम्फनी घ्या, १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तेव्हा जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागत होता, आज जवळजवळ तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ, अर्ध्या तासाच्या आतबाहेर. यात यंत्र काही करू शकत नाही. दोन व्हायोलिनवाल्यांचं काम एकाला दिलं, सिम्फनी दुप्पट वेगाने उरकली, असं म्हणता येत नाही. पण वादकाला राहायचं त्याच शहरात, बटाटे घ्यायचे त्याच बाजारात, आणि बाकी सगळ्यांचे पगार वाढतायत तर त्याचाही वाढायलाच पाहिजे, नाहीतर तो व्हायोलिन ठेवून दुसरं काहीतरी करेल. म्हणून कॉन्सर्टचा खर्च दरवर्षी बाकी वस्तूंच्या मानाने वाढतच जातो, कुणीही चोरी केली नाही, कुणी उधळपट्टी केली नाही तरी. सलूनमध्ये केस कापायचे पैसे टीव्हीच्या किमतीसारखे कधीच खाली आले नाहीत, तेच गणित.

म्हणजे कुणीतरी बाहेरून पैसे घालायलाच पाहिजेत, प्रश्न एवढाच की कुणी. आणि हॅलेचा पुढचा सगळा इतिहास मला याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं असा दिसतो.

पहिलं उत्तर: हॅले स्वतः. पहिल्या नफ्याची ती दहा नाणी, नंतर बरे दिवस आले, आणि सदतीस वर्षं त्याने तो ओढला. १८९३ मध्ये गावात संगीताचं कॉलेजही काढलं, कारण वादक किती दिवस बाहेरून आणणार. १८९५ मध्ये तो गेला. आता एका माणसाच्या खिशावर चाललेली गोष्ट त्या माणसाबरोबर संपते हे आपण कितीदा बघितलंय, पण गावातले तीन व्यापारी, सायमन, बेहरन्स आणि फोरसिथ, पुढे आले आणि तोटा झाला तर आम्ही भरू असं लिहून दिलं. पुढे १८९९ मध्ये रीतसर सोसायटी झाली. मँचेस्टरमध्ये जर्मन वंशाचे व्यापारी बरेच होते आणि त्यांना चांगल्या संगीताची सवय होती, हे या गावाचं नशीब. त्यांनी माणूस पण कोण आणला, तर हान्स रिष्टर, ज्याने १८७६ ला वॅग्नर या जर्मन संगीतकाराची ती प्रचंड चार रात्रींची ऑपेरा मालिका पहिल्यांदा उभी केली होती तो. व्हिएन्ना सोडून धुरात राहायला आला! ३ डिसेंबर १९०८ ला एल्गार या इंग्रज संगीतकाराची पहिली सिम्फनी जगात पहिल्यांदा वाजली ती लंडनमध्ये नाही, इथे फ्री ट्रेड हॉलमध्ये वाजली, रिष्टरच्या हाताखाली, आणि वर्षभरातच जगभर तिचे शंभरच्या घरात प्रयोग झाले. प्रादेशिक ऑर्केस्ट्रा म्हणजे दुय्यम, असं कुणी म्हणलं की मँचेस्टरचे लोक ही तारीख पुढे करतात.

सगळंच कौतुकाचं नाही. पहिल्या महायुद्धात पुरुष वादक कमी पडले म्हणून बायकांना घेतलं होतं, आणि १९२० मध्ये हॅमिल्टन हार्टी कंडक्टर म्हणून आला आणि बायकांना घालवलं. हार्टीच्या काळात ऑर्केस्ट्रा उत्तम वाजायचा असं सगळे लिहितात. असेल.

दुसऱ्या महायुद्धात मात्र खरंच संपला होता. डिसेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडून फ्री ट्रेड हॉलच्या नुसत्या भिंती उरल्या. तरुण वादक सैन्यात. उरलेल्यांतले बरेच अर्धा वेळ हॅलेत आणि अर्धा वेळ बीबीसीच्या स्थानिक ऑर्केस्ट्रात, दोन्हीकडचं मानधन मिळून घर चालायचं. १९४३ मध्ये सोसायटीने ठरवलं की आपल्याला वर्षभर वाजवणारा पूर्णवेळ ऑर्केस्ट्रा पाहिजे, तर या सामाईक वादकांनी काय ते एक निवडा. आणि बहुतेकांनी बीबीसी निवडलं! सरकारी नोकरीसारखी पक्की नोकरी ती, आपण काय केलं असतं सांगा. हॅलेकडे आले फक्त चार. आणि इकडे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सोडून जॉन बार्बिरोली नावाचा कंडक्टर युद्ध चालू असताना अटलांटिक ओलांडून आला, त्याला वाटलेलं समोर ऑर्केस्ट्रा असेल, तर समोर तीसेक माणसं, आणि कॉन्सर्ट ठरलेले काही आठवड्यांवर.

त्याने काय केलं, तर दिवस दिवस बसून ऑडिशन घेतल्या आणि जो वाजवेल तो घेतला. पहिली बासरी एका शाळकरी मुलाकडे. हॉर्नवर एक शाळामास्तरीण. पितळी वाद्यांना तर आसपासच्या गावांत तोटाच नव्हता, तिकडे गिरण्यांचे आणि खाणींचे बँड असतात, आपल्याकडे गिरणगावात भजनी मंडळं आणि नाटकं होती तसे, त्यातून माणसं उचलली. ५ जुलै १९४३ ला ब्रॅडफर्डमध्ये कॉन्सर्ट झाला आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नाही. पुढची काही वर्षं स्वतःचा हॉल नाही, तर प्राणिसंग्रहालयाच्या आवारातल्या सर्कशीच्या हॉलमध्ये हजारो लोकांपुढे वाजवायचे. फ्री ट्रेड हॉल परत उभा राहिला १९५१ मध्ये. बार्बिरोलीला मोठमोठी बोलावणी आली पण मँचेस्टर त्याने काही सोडलं नाही, १९७० मध्ये वारला तोपर्यंत.

याच काळात पगाराच्या प्रश्नाला नवं उत्तर मिळालं. युद्धाच्या दिवसांतच तिथल्या सरकारने कलेवर पैसे घालायला सुरुवात केली होती, १९४६ मध्ये त्याची आर्ट्स कौन्सिल झाली, आणि १९४८ च्या कायद्याने पालिकांना करातला थोडा भाग करमणुकीवर खर्च करायची मोकळीक मिळाली. म्हणजे व्यापाऱ्यांच्या हमीच्या जागी करदात्याची हमी. आजही साधारण हीच खिचडी आहे: थोडं आर्ट्स कौन्सिल, थोडं स्थानिक पालिका, थोडं तिकीट, थोडं देणगीदार, थोडं बाहेरगावचे दौरे, आणि २०१६ पासून ऑर्केस्ट्रांना करात एक खास सवलत. बदल्यात नुसतं मँचेस्टरमध्ये बसून चालत नाही, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, नॉटिंगहॅमला जायचं, शाळांत जायचं, हौशी लोकांचा कोरस चालवायचा, मुलांचा ऑर्केस्ट्रा चालवायचा. प्रादेशिक या शब्दाचा अर्थ खरा इथे आहे, बसने फिरणारा.

आणि आता आपला माणूस. मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. तंतुवाद्यांना गोव्याचे वादक, गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत होती, फुंकवाद्यांना नेव्हीच्या बँडची माणसं, वर पारशी हौशी मंडळी. वाजवणारे होते, ऐकणारेही होते. पगार देणारं कुणी नव्हतं. गोव्याच्या वादकांना तो दिला हिंदी सिनेमाने, स्टुडिओत रोजच्या हजेरीवर, म्हणून आपली जुनी गाणी ऐकताना मागे तीस व्हायोलिन एकदम उसळतात ती त्यांचीच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये शंभरावर वादक घेऊन स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्सच्या आवारात कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. कल्पना करा तो दिवस. पुढे काही वर्षांनी गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले.

मेहली मेहता त्याआधीच निघाले होते, १९५५ मध्ये, आणि गेले कुठे, तर मँचेस्टरला. हॅलेमध्ये, बार्बिरोलीच्या हाताखाली, व्हायोलिनच्या अगदी पुढच्या जागेवर. स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढलेला माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात नोकरीला लागला, आणि मला नाही वाटत त्यात त्यांना काही कमीपणा वाटला असेल, कारण तिथे रोज वाजवायचं होतं आणि त्याचे पैसे मिळत होते. तेव्हा त्यांचा मोठा मुलगा व्हिएन्नात कंडक्टिंग शिकत होता. १९५८ मध्ये लिव्हरपूलला कंडक्टरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, मुलगा पहिला आला, बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर असिस्टंट कंडक्टरची नोकरी. तो झुबिन. म्हणजे साधारण वर्षभर बाप मँचेस्टरच्या आणि पोरगा लिव्हरपूलच्या ऑर्केस्ट्रात, मध्ये कापसाचा तो जुना पन्नास किलोमीटरचा रस्ता. पुढे झुबिन मेहता लॉस एंजेलिसला गेले आणि मग त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला, जी बार्बिरोली सोडून आला होता. मुंबईत पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा व्हायला २००६ उजाडलं, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये, आणि त्यातले बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले. आता तिथेही मुलांसाठी शाळा काढलीय, हॅलेने कॉलेज काढलं त्याच कारणासाठी.

हॅलेचं पुढचं थोडक्यात. १९९६ मध्ये नवा ब्रिजवॉटर हॉल झाला, अख्खी इमारत जवळपास २८० स्प्रिंगांवर उभी आहे, कारण शेजारून ट्राम जाते आणि तिची घरघर आत आली तर बासरीचा हळू सूर गेलाच. मी त्या थंडीत शिरलो तो हाच हॉल. एवढा झकास हॉल मिळाल्यावर दोनच वर्षांत ऑर्केस्ट्रा दिवाळं निघायच्या काठावर आला, पैशाचं असंच असतं. २००० मध्ये मार्क एल्डर आले, चोवीस वर्षं राहिले, गाडी रुळावर आली. २०२४ पासून काचुन वाँग, सिंगापूरचे. जुना फ्री ट्रेड हॉल आता हॉटेल आहे.

रिहर्सल अँकोट्सला होतात. अँकोट्स म्हणजे मँचेस्टरचं गिरणगाव समजा, लालभडक विटांच्या सहा-सात मजली गिरण्या, कालव्याच्या कडेला, आता त्यांचे फ्लॅट झालेत आणि खाली कॉफीची दुकानं. तिथे गिरणीच्या वस्तीसाठी बांधलेलं एक पडीक चर्च दुरुस्त करून २०१३ मध्ये ऑर्केस्ट्राला सरावाची जागा केली. मी एका शनिवारी तिथून जाताना बाहेरून फोटो काढला आणि बाबांना पाठवला, लिहिलं की बघा, ऑर्केस्ट्रा इथे प्रॅक्टिस करतो. लाल विटा आणि कमानीच्या खिडक्या बघून त्यांचा लगेच रिप्लाय, हे त्रासन खातं होतं की साचा खातं? चर्च होतं म्हटलं.